चेस्टनटचं काय काय करता? (आतली साल निघत नाहीये, मदत हवी)

पाटावरवंटा
नमस्कार मंडळी. ऑक्टोबर लागला की झुरिकच्या स्टेशनबाहेर भाजलेल्या चेस्टनटची खोपटी उभी राहतात. इथे त्यांना मारोनी म्हणतात. कागदी पिशवी देतात, तिला दोन कप्पे असतात: एकात गरम मारोनी, दुसरा रिकामा, टरफलं टाकायला. इथलं हे माझं चौथं वर्ष. दर वर्षी हात शेकत शेकत खाते, पण घरी कधी आणली नव्हती. यंदा फराळाची यादी करताना वाटलं, सुका मेवाच तर आहे, काजूकतलीसारखी चेस्टनटची कतली करू. दोन किलो घेऊन आले.

पहिला अर्धा किलो वाया गेला. उकडली, वरचं जाड टरफल निघालं, पण आतली तपकिरी साल गराच्या घड्यांमध्ये शिरून बसलेली. सुरीच्या टोकाने खरवडून नखं हुळहुळली. मग वाटून एकतारी पाकात घातली. काजूची पूड पाकात पडली की थोड्या वेळात गोळा कढई सोडतो, कडेला तूप दिसायला लागतं. इथे अर्धा तास घोटलं तरी गोळा होईना. गोड खळ झाली, पतंगाला कागद चिकटवता येईल अशी.

दीड किलो अजून शिल्लक आहे. साल कशी काढायची, कतली होऊ शकते का, नसेल तर दिवाळीला येणाऱ्या दहाबारा जणांसाठी गोडाचं किंवा भट्टीतलं काय करता येईल? ज्यांनी केलंय त्यांनी सविस्तर लिहा, प्लीज.

चुलीपाशी
चेस्टनट म्हणजे शिंगाडाच ना? आमच्याकडे पुण्यात शिंगाड्याचं पीठ बारा महिने मिळतं. त्याच्या वड्या छान पडतात.

न्यूजर्सीकर
नाही हो, शिंगाडा वेगळा. शिंगाड्याला इंग्रजीत 'वॉटर चेस्टनट' म्हणतात, तिथून हा गोंधळ होतो. शिंगाडा तळ्यात पाण्यावर पसरणाऱ्या वेलीला येतो. चेस्टनट मोठ्या झाडाला येतं, काटेरी गोंड्याच्या आत दोन-तीन. चायनीज जेवणात कुरकुरीत पांढऱ्या चकत्या असतात ते 'वॉटर चेस्टनट' आणखी तिसरंच, लव्हाळ्याच्या जातीचा कंद. नावात चेस्टनट, पण तिघांचं एकमेकांशी नातं नाही.

रानमेवा
पाटावरवंटा ताई, तुमचं वर्णन वाचलं आणि मला आठळ्याच दिसल्या. फणसाच्या आठळीला वरून पांढरं कडक साल, आत तपकिरी पातळ साल आणि मग पिठूळ गर. आम्ही सावंतवाडीकडे मे-जूनमध्ये चुलीच्या निखाऱ्यात भाजून खातो, उकडून भाजीत घालतो. मागे मुंबईच्या एका दुकानात चेस्टनटचं व्हॅक्यूमचं पाकीट मिळालं होतं. खाल्लं तर चव आठळी आणि रताळं यांच्या मधली, थोडी जास्त गोड.

आता मला सांगा, आठळीची काजूकतली कोणी करेल का? मग चेस्टनटची तरी कशी व्हावी?

पाटावरवंटा
रानमेवा, डोक्यात लख्ख उजेड पडला!

न्यूजर्सीकर
रानमेवा यांनी अगदी नेमकं सांगितलं. १०० ग्रॅम काजूत ४५ ग्रॅमच्या आसपास स्निग्धांश असतो, चेस्टनटमध्ये जेमतेम २ ग्रॅम. ताज्या चेस्टनटचं निम्मं वजन पाण्याचं आणि उरलेलं बहुतेक सगळं पिष्ट. कतलीचा गोळा कढई सोडतो तो काजूतल्या तेलामुळे. पिष्ट पाकात शिजलं की खळच होणार, यात तुमच्या हाताचा काही दोष नाही. नाव 'नट' असलं तरी स्वयंपाकघरात त्याला बटाटा-रताळ्याच्या रांगेत बसवा.

यातूनच साठवणीचंही कळतं. ही टोपलीत बाहेर ठेवू नका, आठवड्यात बुरशी धरतात किंवा वाळून खडा होतात. फ्रिजच्या तळाच्या कप्प्यात, कागदी पिशवीत ठेवा. करायला घेण्याआधी बादलीभर पाण्यात टाका. तरंगतील ती बाजूला काढा, बहुतेक आत किडलेली किंवा वाळलेली असतात. बारीक गोल भोक दिसलं तर आत अळी होती, ती खाऊन बाहेर पडली असं समजा.

दोनशिट्ट्या
सालीचं उत्तर माझ्याकडे आहे, कुकर. प्रत्येक चेस्टनटच्या फुगीर बाजूला आडवी चीर द्या, टरफल आणि आतली साल दोन्ही कापली जातील इतकी खोल. बुडतील एवढं पाणी, चिमूट मीठ. एक शिट्टी झाली की गॅस मंद करून सात-आठ मिनिटं. वाफ जिरली की झाकण उघडायचं, पण पाणी ओतून द्यायचं नाही! खरी मेख इथे आहे. गरम पाण्यातून एका वेळी चार-पाचच बाहेर काढा, रुमालात धरा, चिमटा, दोन्ही साली एकदम निघतात. गार झालं की आतली साल गराला पुन्हा घट्ट धरते. तुम्ही बहुतेक सगळी चाळणीत उपसून निवांत सोलायला बसला असणार.

पाटावरवंटा
हो! चाळणीत उपसली, वर चहा करून घेतला आणि मग बसले.

कढीपत्ता_७
मी ओव्हनवाली. फुली मारायची, अर्धा तास पाण्यात भिजवायची, २०० अंशांवर २०-२५ मिनिटं, टरफलाच्या पाकळ्या उलटल्या की बाहेर. लगेच जाड पंचात गुंडाळून पाच मिनिटं ठेवायची, वर थोडं दाबायचं. आतल्या वाफेने साल सुटते. कुकरमध्ये भाजल्याची चव कुठून आणणार?

दोनशिट्ट्या
नुसती खायची असतील तर ओव्हन, मान्य. पण वाटायची असतील तर ओव्हनची कोरडी होतात आणि मिक्सरमध्ये कण राहतात. कुकरची लोण्यासारखी वाटली जातात. या धाग्यात वाटण हवंय.

कढीपत्ता_७
हे पटलं.

झणझणीत
चीर न देता मायक्रोवेव्हमध्ये अजिबात टाकू नका. आमच्याकडे एकच टाकलं होतं, तीस सेकंदांत लक्ष्मीबार! दार उघडून आतल्या छतावरून भुगा पुसायला अर्धा तास गेला.

बालवाडीची_आई
कृपया हा प्रतिसाद लहान मुलं असलेल्यांनी जरूर वाचा. मी फ्रँकफुर्टजवळ राहते. इथल्या बागांमधून, शाळांच्या अंगणांत ढीगभर चेस्टनट पडलेली असतात, मुलं खिसे भरभरून आणतात, काड्या खोचून प्राणी बनवतात. ती बहुतेक सगळी घोडा-चेस्टनट. ती विषारी आहेत, खायची नाहीत. उकडून, भाजूनही नाहीत. माझ्या मैत्रिणीच्या पाहुण्या आलेल्या सासूबाईंनी बागेतून पिशवीभर वेचून आणली होती. आठळ्या समजून उकडायला टाकणार, तेवढ्यात शेजारीण आली म्हणून वाचलं.

ओळख अशी: खाण्याच्या चेस्टनटला एका टोकाला अणकुची आणि त्यावर सुकलेल्या तंतूंची छोटी शेंडी असते. त्याचं वरचं कवच म्हणजे दाट, बारीक सुयांचा गोळा, नुसत्या हाताने धरवत नाही. घोडा-चेस्टनट गोलमटोल, चकचकीत, शेंडी नाही. त्याच्या हिरव्या कवचावर जाड काटे, तेही विरळ. शंका असेल तर दुकानातूनच घ्या.

ट्रेकवेडा
बालवाडीची_आई, फार महत्त्वाचं लिहिलंत. यात एक भर. नैनीतालच्या बाजूला मी भाजलेली खाण्याची चेस्टनट खाल्ली आहेत, तिथे त्यांना पांगर म्हणत होते. पण कुमाऊँत हिमालयातल्या जंगली घोडा-चेस्टनटलाही पांगर हेच नाव आहे. म्हणून नावावर जाऊ नका, शेंडी बघा. आणि आपला मराठीतला पांगारा म्हणजे लाल फुलांचा, त्याचा या दोघांशी काही संबंध नाही.

भट्टीवाला
थोडं अवांतर. माझं बालपण सोलापुरात भडभुंज्याच्या दुकानाशेजारी गेलं. कढईत काळी तापलेली वाळू, त्यात चणे पडले की सर्रर्र आवाज, झाऱ्याने दोन हात मारले की फुटाणे वर, वाळू खाली. कामानिमित्त पहिल्यांदा बीजिंगला गेलो तेव्हा थंडीत रस्त्याच्या कोपऱ्यावर नेमका तोच आवाज आला. बघतो तर प्रचंड कढई, त्यात काळी खडी आणि चेस्टनट! खडीवर साखरेचा पाक शिंपडतात, तो जळून टरफलांना काळी चकाकी येते आणि सगळ्या रस्त्यावर करपलेल्या साखरेचा वास. आत साखर जात नाही, पण उष्णता चहूबाजूंनी सारखी लागते, म्हणून एकही कच्चं राहत नाही, एकही करपत नाही. भाषा येत नव्हती तरी त्या माणसाजवळ पंधरा मिनिटं उभा होतो. चीनमधल्या जातीची आतली साल सहज सुटते. युरोपातलीसारखी झटापट करावी लागत नाही.

कढीपत्ता_७
भट्टीवाला दादा, वास इथपर्यंत आला.

तोक्यो_लोकल
जपानमध्ये चेस्टनटला कुरी म्हणतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये घरोघरी कुरी-गोहान, म्हणजे चेस्टनटचा भात होतो. माझ्या घरची पद्धत: कच्ची चेस्टनट गरम पाण्यात तासभर ठेवायची, टरफल मऊ पडतं. मग सुरीने टरफल आणि आतली साल दोन्ही तासून टाकायची, बटाटा सोलावा तशी. दोन वाट्या तांदळाला पंधरा-वीस पुरतात. तांदूळ धुऊन, भिजवून, नेहमीइतकं पाणी, अर्धा चमचा मीठ, वर अख्खी चेस्टनट, झाकण. बस. वरून भाजलेले तीळ. फोडणी नाही, मसाला नाही. भारतातून येताना इंद्रायणी आणला होता, त्याचाही केला, मऊ चिकट भातात चेस्टनट फार सुरेख लागतं. घरी ज्येष्ठ मंडळी असतील तर वर चमचाभर तूप सोडा.

आतली साल काढायचीच नाही असाही एक प्रकार आहे, शिबुकावा-नी. वरचं टरफल अलगद काढतात, आतल्या सालीला ओरखडाही येऊ द्यायचा नाही. खायचा सोडा घालून उकळतात, पाणी बदलतात, असं दोन-तीनदा. तुरटपणा जातो. मग साखरेच्या पाकात मंद आचेवर मुरवतात. आपल्या मोरावळ्याची आठवण होते. कष्टाचं काम आहे, पण बरणी उघडल्यावर एकेक मोजून खातात.

एकादशीव्रती
उपवासाला चालेल का चेस्टनट?

चुलीपाशी
शिंगाडा चालतो तर हे का नाही?

ओवीबद्ध
न्यूजर्सीकरांनी वर सांगितलंय ना, शिंगाड्याशी नातं नाही. आमच्या घरी जे आजीच्या यादीत नाही ते चालत नाही. सोपं आहे.

दोनशिट्ट्या
आजीच्या यादीत बटाटा, रताळं, शेंगदाणा असतील ना? तिन्ही मुळात अमेरिकेतून आलेले. साबुदाणा ज्या कंदाचा होतो तोही तिथलाच. कधीतरी कुणाच्या तरी आजीने पहिल्यांदा यादीत घेतलेच.

ओवीबद्ध
मुद्दा बरोबर आहे, पण ती यादी आजीने आणि तिच्या आजीने वापरून वापरून केली. दुकानात पाकीट दिसलं म्हणून मी एकटीने त्यात नाव वाढवणार नाही. उपवास मनाला पटण्यासाठीच असतो. ज्यांना पटेल त्यांनी जरूर खावं.

एकादशीव्रती
दोघांचेही आभार. धान्य नाही, फळ आहे, आमच्याकडे चालेल असं आईने सांगितलं. कार्तिकीला उकडून, तूप-जिऱ्यात परतून, दाण्याचं कूट आणि हिरवी मिरची घालून करणार.

मांडवीकाठ
मूळचा म्हापशाचा, आता लिस्बनमध्ये. इथे ११ नोव्हेंबरला साओ मार्तिन्युचा दिवस. अंगणात शेकोटी करून चेस्टनट भाजतात आणि नवीन वाइन चाखतात. रस्त्यावरच्या गाड्यांवर जाड मीठ टाकून भाजतात, धुराने सगळी गल्ली निळसर होते. टरफलावर मिठाचा पांढरा थर बसतो.

पोर्तुगीजमध्ये चेस्टनटला कास्तान्या म्हणतात आणि आपल्या काजूगराला 'कास्तान्या द काजू'. काजू ब्राझीलमधून पोर्तुगीजांनीच गोव्यात आणला. घरी ओळखीचं होतं चेस्टनट, म्हणून नवीन बीला त्याचंच नाव दिलं. तेव्हा पाटावरवंटा बाय, काजूकतलीच्या जागी चेस्टनट सुचणं अगदीच निराधार नव्हतं!

बटाटा येण्यापूर्वी उत्तरेकडच्या डोंगराळ भागात हेच पोटाला होतं. गहू तिथे धड होत नसे. आजही तिकडे मांसाच्या रश्श्यात बटाट्याऐवजी चेस्टनट घालतात.

ओलीवपान
मांडवीकाठ यांचं शेवटचं वाक्य वाचून लिहायला बसले. मी फ्लोरेन्सला राहते. इथल्या डोंगरांत चेस्टनटच्या झाडाला 'भाकरीचं झाड' म्हणत. कारण पीठ. जंगलात 'मेतातो' नावाची दगडी खोपटी आहेत. खाली मंद विस्तव आणि धूर, वर फळ्यांच्या माळ्यावर चेस्टनटचा थर. महिनाभर तो विस्तव विझू द्यायचा नाही. मग टरफलं झोडपून काढायची आणि दळायचं. त्या पिठाला धुराचा हलका वास असतो.

या पिठाचा कास्तान्याच्चो करतात. ३०० ग्रॅम पीठ चाळून घ्यायचं, गुठळ्या फार होतात. साधारण ४५० मिली पाणी थोडं थोडं घालत घावनाच्या पिठाइतकं सरसरीत करायचं. चिमूट मीठ, दोन चमचे ऑलिव्ह तेल. तेल लावलेल्या थाळीत एक सेंटीमीटर जाडीचं ओतायचं. वर बेदाणे, चिलगोजे, अक्रोड, रोझमेरीची पानं, आणखी तेल. २०० अंशांवर अर्धा तास, वर भेगा पडेपर्यंत. साखर नाही, अंडं नाही, सोडा नाही.

झणझणीत
ओलीवपान, मी मिलानला असताना खाल्ला होता, अजिबात आवडला नव्हता. केक म्हणून दिला आणि दाताखाली ओलसर, दडदडीत. गोडही नाही, तिखटही नाही.

ओलीवपान
केक म्हणून खाल्लात म्हणून तसं झालं. तो फुगणारच नाही, पिठात ग्लुटेन नाही आणि वर काही फुगवायला घातलेलंही नाही. त्याला धोंडसाच्या नात्यातला समजा, केकच्या नाही. आणि पीठ ताजं हवं. नवीन पीठ डिसेंबरच्या सुमारास येतं तेव्हा ते मुळातच गोड असतं. गेल्या वर्षीचं पीठ कडसर लागतं. तुम्हाला जुन्या पिठाचा मिळाला असावा. मी पीठ फ्रीझरमध्ये ठेवते.

याच पिठाची पातळ घावनंही होतात, त्यांना नेच्ची म्हणतात. आत रिकोटा चीज. मी ओलं खोबरं-गुळाचं चून घालते.

पाटावरवंटा, भट्टीतलं हवंय ना? नानकटाई कर. नानकटाईला लवचीकपणा नकोच असतो, ग्लुटेन नाही हे तिथे उपयोगी पडतं. १०० ग्रॅम चेस्टनटचं पीठ, १०० ग्रॅम मैदा, १०० ग्रॅम रवाळ साजूक तूप फेटून, ७० ग्रॅम पिठीसाखर, वेलची. १७० अंशांवर पंधरा मिनिटं, पण बाराव्या मिनिटापासून लक्ष ठेव. पिठातच साखर असल्यामुळे एकदम लाल होतात. पाव करायचा असेल तर मात्र चेस्टनटचं पीठ चौथ्या हिश्श्याच्या वर नको.

न्यूजर्सीकर
पोटाला आधार देणारं झाड म्हटलं म्हणून इथलं सांगतो. अमेरिकेच्या पूर्व भागात एकेकाळी चेस्टनटची अरण्यं होती. १९०४ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयातल्या झाडांवर एक बुरशी दिसली, आशियातून आणलेल्या रोपांबरोबर आलेली. पुढच्या जेमतेम पन्नास वर्षांत तीन-चार अब्ज झाडं गेली. मुळं जिवंत राहतात, कोंब फुटतात, थोडे वाढले की बुरशी पुन्हा गाठते. आमच्या घरामागच्या टेकडीवर असं एक खोड आहे, दर वर्षी बघायला जातो. इथे थँक्सगिव्हिंगला चेस्टनटचं सारण करतात, त्यासाठी दुकानात येतात ती बरीचशी इटलीहून आणि आशियातून. म्हणून एकही फुकट घालवू नका, एवढीच विनंती.

पाटावरवंटा
धागा वर आणतेय. उरलेल्या दीड किलोचा हिशोब द्यायचा राहिला होता.

कुकर, गरम पाण्यातून चार-चार काढून रुमालात चिमटणं: अर्धा किलो अठरा मिनिटांत सोलून झाला! दहा-बारा हट्टी निघाली, ती पुन्हा उकळत्या पाण्यात टाकली की सुटली. अर्ध्या किलोचा साधारण पावणेचारशे ग्रॅम गर मिळतो.

कतलीचा नाद सोडला. रानमेवा आणि न्यूजर्सीकर यांनी पिष्ट, पिष्ट म्हटल्यावर वाटलं, मग हे तर पुरण! ४०० ग्रॅम गराला १५० ग्रॅम गूळ, डाळीच्या पुरणापेक्षा खूपच कमी, कारण मुळात गोड आहे. गूळ विरघळून मिश्रण घट्ट होईपर्यंत परतलं, वेलची-जायफळ, चमचाभर तूप. गरम असतानाच पुरणयंत्रातून काढलं. मिक्सर लावायचा नाही, चिकट होतं. उलथनं उभं राहिलं तेव्हा बंद केलं. निम्म्याच्या पोळ्या केल्या. डाळीच्या पुरणापेक्षा मऊ असल्यामुळे पहिल्या दोन फाटल्या. मग पुरण तासभर फ्रिजमध्ये ठेवलं, पुढच्या दहा कडेपर्यंत पसरल्या.

दुसरं, इथे व्हर्मिसेल म्हणून गोड पदार्थ मिळतो, चेस्टनटच्या लगद्याच्या शेवया आणि वर क्रीम. बाहेरच्या लगद्यात कधी कधी चेरीची दारू असते, म्हणून सासूबाईंना कधी देता आला नव्हता. उरलेल्या पुरणात दोन चमचे दूध घालून सोऱ्यात भरलं, शेवेची ताटली लावली आणि वाट्यांमध्ये सरळ शेव पाडली! वर गोड न केलेलं फेटलेलं क्रीम. सासूबाईंनी सोऱ्या माझ्या हातातून घेतला आणि बाराच्या बारा वाट्या त्यांनीच भरल्या.

नानकटाईही झाली. तेराव्या मिनिटाला काढली, ओलीवपान, तुझं लक्ष ठेवायला सांगणं कामी आलं. धुराचा हलका वास येतो तो सगळ्यांनी विचारला.

दोनशिट्ट्या
सोऱ्या! फोटो टाका.

कढीपत्ता_७
वाचनखूण साठवली. पुरण फ्रीझरमध्ये टिकेल का?

पाटावरवंटा
सपाट पिशव्यांमध्ये पाव-पाव किलोचं ठेवलंय, पहिली पिशवी तीन आठवड्यांनी काढली, चव तीच. मंद आचेवर चमचाभर दूध घालून मोकळं करायचं.

रानमेवा
ताई, आता माझी पाळी. मे महिन्यात आठळ्यांचं पुरण याच मापाने करून बघते. गूळ बहुतेक वाढवावा लागेल, आठळी एवढी गोड नसते. इथेच येऊन लिहीन.